नाव न बदललेल्या बाईची पोळी

रियाध, १८ सप्टेंबर २०२५

शर्मिलाताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा तर जमिनीवर यावं लागतं, आणि जमिनीवर आलं की उठताना हल्ली मला शिरीषचा हात लागतो. तो आठवडाभर रास अल खैरच्या प्लान्टवर समुद्राचं पाणी गोडं करतो आहे. तेव्हा हा नमस्कार उभ्यानंच, खुर्चीच्या पाठीला धरून.

माझी पत्रं तू उघडतेस हे मला माहीत आहे. जयदीपनं सांगितलं. मामेबहिणीचा मुलगा असून सख्ख्या भाच्यासारखं तुझं बाजारहाट करतो, आणि तुझ्या-माझ्यामधली एवढी एकच खिडकी सध्या उघडी आहे. तो म्हणाला, "शर्मिलामावशी पाकिटं फाडत नाही, कात्रीनं कडेनं कापते आणि मग कपाटात ठेवते." वाचते की नाही, हे त्याला ठाऊक नाही. मी धरून चालते की वाचतेस, तेही लाल पेन हातात घेऊन. तीस वर्षं वाईतल्या मुलींच्या गणितावर चाललेलं पेन शाळेतून निवृत्त झालं म्हणून काही स्वस्थ बसायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तपास, पण वाच.

आता मुद्दा. त्यानंच कळवलं की पंधरा डिसेंबरला साताऱ्यात तुझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि पुढच्या सहा आठवड्यांसाठी तू ब्यूरोतून एक बाई बघितली आहेस. ताई, मी येते. हे फोनवर एका वाक्यात सांगितलं असतं, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. शिरीषचा नाही केलास. ते त्यानं मला पावणेदोन वर्षांत चार वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी कॉलर सारखी करत.

आईच्या तेराव्याला जे झालं त्यावर मला काही बोलायचं नाही. म्हणजे बोलायचं आहे, आज नाही.

तर गुडघे. आमच्या कंपाऊंडमध्ये सात नंबरच्या घरात नोरीन नावाची एक बाई राहते. आयर्लंडची, कॅव्हन नावाच्या भागातल्या कुठल्याशा खेड्यातली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे बरोबर तुझ्या वयाची, आणि बोलण्यातही साधारण तुझ्यासारखीच: समोरचा चूक आहे हे गृहीत धरून सुरुवात करते. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकवीस वर्षं नर्स आहे. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांना हात धुवायला लावणं हे तिचं अधिकृत काम. तुझ्या गुडघ्यांविषयी मी तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी सर्जन किती ऑपरेशनं करतो, नंतर व्यायाम कोण करून घेणार, हे सगळं नीट विचारलं आणि मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "तोवर तिला खिशात एक कच्चा बटाटा ठेवायला सांग."

मी म्हटलं, "उकडलेला चालणार नाही?"

"चेष्टा करू नकोस. माझ्या आजोबांनी एकच बटाटा अकरा वर्षं ठेवला. दुखणं बटाट्यात जातं. बटाटा काळा होतो, दगडासारखा होतो, माणूस चालायला लागतो."

त्यांच्याकडे असं पुष्कळ आहे. चामखिळीला गोगलगाय चोळायची आणि ती काट्याला टोचून ठेवायची. गोगलगाय वाळली की चामखीळ वाळते. (दुसरा उपाय डुकराच्या मांसाचा आहे, पण तो या देशात नुसता सुचवूही नये.) रांजणवाडीला एका झुडपाचे नऊ काटे एकेक करून रोखायचे आणि दहावा फेकून द्यायचा. भाजलेल्यावर मात्र वस्तू नाही, माणूस लागतो. ज्यानं लहानपणी जिवंत सरडा चाटला आहे, त्याची जीभ भाजल्या जागेवर फिरली की आग थांबते. नोरीनच्या आईनं चाटला होता. मी तिला सांगितलं की आमच्याकडे पाल नुसती अंगावर पडली तरी पंचांग उघडतात, चाटायची वेळ कुणावर येत नाही. ती म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे एवढे डॉक्टर लागतात."

मला यातला अधिकारभेद फार आवडला. बाबा असते तर त्यांनीही मान डोलावली असती. औषध कोणत्या झाडाचं, याला तिथे फारसं महत्त्व नाही; ते देणारा कोण, यावर सगळं. सातव्या मुलाचा सातवा मुलगा असेल तर एक रोग, जन्माआधीच बाप गेला असेल तर त्याच्या फुंकरीनं दुसरा. अभ्यास नाही, परीक्षा नाही. "तिच्याकडे उपाय आहे," एवढंच म्हणतात, जसं आपण एखादीकडे गळा आहे म्हणतो.

बटाटा कोरडा बघून घे. आणि तिकीट कोणत्या तारखेचं काढू ते जयदीपजवळ सांग.

तुझी
चारू


रियाध, १२ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझा निरोप पोचला. "बाई ठरली आहे." तीन शब्द. तू शाळेत शेरे याहून लांब लिहायचीस.

माझं म्हणणं पुन्हा मांडते. एक, ब्यूरोची बाई आठ तास राहते आणि तू चोवीस तास चिडतेस. दोन, मला इथे काही काम नाही. आमचा अमोघ कॅनडात आहे आणि आपल्या आईशीही इंग्रजीत बोलतो, शिरीष प्लान्टशी बोलतो. तीन, मी तुझी बहीण आहे. तिसरा मुद्दा सर्वांत दुबळा आहे याची मला कल्पना आहे, म्हणून शेवटी ठेवला.

हे वाचून तू पत्राची घडी घालायला लागली असशील, तर थांब. दरम्यान मी वैद्य झाले आहे.

आमच्या मागच्या गल्लीत अफशाँ राहते. दापोलीकडची. नवरा कादिर बुरैदाच्या बाजारातून खजूर आणून इथल्या दुकानांना पुरवतो. त्यांची हिबा पाच वर्षांची. तिला ऑगस्टअखेरीस डांग्या खोकला झाला. लस चुकली होती, गावी गेलेले असताना. नोरीननं तिचा आवाज एकदाच ऐकला आणि गाडीत घालून सरळ हॉस्पिटलात नेलं. अँटिबायोटिक झालं, ताप गेला, दुसऱ्याला लागायची भीती संपली. खोकला राहिला. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा आठवडे राहतो, धीर धरा.

धीर कसा धरायचा ते त्यांनी सांगितलं नाही. अफशाँ माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "वहिनी, औषध संपला. आता बोलतात, जाईल आपोआप. कधी जाईल ते नाय सांगत. पोर खोकून खोकून लालनिळी होते, वांती करते, परत हसते माझ्याकडे बघून. ती हसते ना, तेच मला बघवत नाय."

नोरीन समोर होती. तिचं इंग्रजी कॅव्हनचं, अफशाँचं दापोलीचं, मध्ये मी दुभाषी. नोरीन म्हणाली की लहानपणी तिला हाच खोकला झाला होता तेव्हा आधी गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढलं. उपयोग झाला नाही, गाढव मात्र बिथरलं. मग सोळा मैलांवरच्या एका बाईकडे नेलं. ती बाई वैदू नव्हती, कुणी नव्हती. फक्त लग्नाआधी तिचं जे आडनाव होतं तेच लग्नानंतरही होतं, आणि नवऱ्याशी आधीचं नातं नव्हतं. अशा बाईच्या हातचा पाव तीन सकाळी खाल्ला की डांग्या खोकला जातो. "पण अशी बाई लाखात एक," नोरीन म्हणाली. "नाव तर सगळ्यांचंच बदलतं."

अफशाँ माझ्याकडे बघायला लागली. मी ओट्याकडे बघायला लागले.

"वहिनी, तुमच्या माहेरचा नाव काय?"

"पुराणिक," मी म्हटलं.

नोरीननं कप खाली ठेवला. "आणि नातं?"

"काही नाही. गोत्रं वेगळी. त्यांचे कऱ्हाडचे, आमचे वाईचे."

ताई, आठव, माझ्या लग्नात सगळ्यांनी याच गोष्टीवरून मला किती पिडलं होतं. रुखवतावर नाव घालायचा प्रश्न नाही, पासपोर्टाची कटकट नाही, आणि तू म्हणाली होतीस, "चारूनं लग्न करून काय मिळवलं, तर तेच आडनाव." अठ्ठावीस वर्षांनी त्याचं फळ मिळालं. नोरीन माझ्याकडे असं बघत होती, जसं आपण देवळात एखाद्या ओळखीच्या दगडाला शेंदूर लावलेला पाहतो. मी तिला सांगितलं की आमच्याकडे अशा बाया पेठेपेठेत सापडतील, पुराणिक-पुराणिक, कुलकर्णी-कुलकर्णी. ती म्हणाली, "मग तुमच्या गावात कुणी खोकत नसेल."

विधी सोपा, निषेध कडक. पहिला: मी आपणहून देऊ शकत नाही, मागायला हवं. अफशाँनं मागितलं. दुसरा: त्याबद्दल काही घ्यायचं नाही. आपल्याकडे दक्षिणेवाचून कर्म पुरं होत नाही, तिथे दक्षिणेनं बिघडतं. तिसरा, आणि हा मला सर्वांत विचित्र वाटला: आभार मानायचे नाहीत. शब्दानं नाही, हात जोडून नाही. मानले की उपाय गेला.

"पाव माझ्याकडे नाही, पोळी आहे," मी म्हटलं.

"पीठ तुझ्या हातानं मळलंस ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हिबा आली, झोपाळलेली, उपाशी. मी पोळीला तूप लावून एक घास दिला. तिनं तो चावता चावता विचारलं, "शुगर नहीं है?" फलश्रुतीत साखरेचा उल्लेख नव्हता, तरी मी चिमूटभर घातली. आणि अफशाँनं तोंड उघडलं, "शुक्रि...", नोरीननं तिच्या तोंडावर सरळ हात ठेवला. इन्फेक्शनवाल्या बाईनं, न धुता. मग अफशाँनं ओट्यावरचं फडकं उचललं. नोरीन म्हणाली, "तेही ठेव. ती मजुरी होईल."

बिचारी उभी राहिली. डोळे भरले होते, हातांना काम नव्हतं, तोंडाला शब्द नव्हता. शेवटी बसली. आणि तासभर बसून राहिली. सासूविषयी सांगितलं, दापोलीच्या घराविषयी, हिबाच्या आधी गेलेल्या मुलाविषयी. सहा वर्षं आम्ही शेजारी आहोत, त्या मुलाचं मला माहीत नव्हतं.

कादिरनं संध्याकाळी सुक्करी खजुराचं खोकं पाठवलं. नोरीननं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, पुन्हा गेलं. शिरीषचा या शास्त्रावर राग आहे तो एवढ्याचसाठी.

तिकिटाचं कळव.

चारू


रियाध, २ नोव्हेंबर २०२५

ताई,

दिवाळी झाली. चकल्या मोडल्या, अनारसे जमले. तुझ्याकडून निरोप नाही. जयदीप म्हणतो, "मावशी, मी मध्ये पडलो की ती मला बटाटे आणायला पाठवते." खिशात ठेवायला का, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

हिबाचा खोकला कमी आहे. दिवसाला दोन-तीनदा. अफशाँ म्हणते पोळी, नोरीन म्हणते पोळी आणि अँटिबायोटिक, डॉक्टर म्हणतात दहावा आठवडा. मी मत दिलेलं नाही. नाव न बदलण्यापलीकडे माझं कर्तृत्व काय?

पण हे पत्र त्यासाठी नाही.

परवा मी नोरीनला विचारलं, आभार न मानण्याचं कारण काय. तिला शास्त्रार्थ माहीत नव्हता. तिनं आईच्या प्रेताची गोष्ट सांगितली. सरडा चाटलेली आई. पन्नास वर्षं लोक भाजलेली पोरं घेऊन तिच्या दाराशी यायचे, कुणी कधी तिला काही दिलं नाही, कुणी कधी 'उपकार झाले' म्हटलं नाही. ती गेली तेव्हा तिकडच्या पद्धतीप्रमाणे तिला घरात ठेवलं होतं आणि सगळा गाव ओळीनं आत येत होता. प्रत्येक जण नोरीनसमोर थांबायचा आणि बाही वर करायचा. "हा हात." दुसरा मान वळवायचा. "ही मान, सत्तर साली." एका म्हाताऱ्यानं बूट काढला. कुणी आभार मानले नाहीत. कसे मानणार? दाखवून पुढे जायचे. नोरीन म्हणाली, "तीनशे लोक असतील. एकही डाग नव्हता, ताई." (ती मला 'चारू' म्हणते, 'ताई' मी घातलं, तुला सांगताना आपोआप आलं.)



तेराव्याचं आता लिहिते. तू तिथे होतीस, तुला सांगायची गरज नाही. पण मी काय केलं हे मी एकदाही माझ्या शब्दांत म्हटलेलं नाही. माफी मागताना मी प्रत्येक वेळी "त्या दिवशी जे झालं" असं म्हणत आले, जणू ते पावसासारखं आपोआप झालं.

नऊ वर्षं आई अंथरुणावर. नऊ वर्षं तू. रोज आंघोळ, रोज पाठ पुसणं, वळवणं, भरवणं, तिचं ओरडणं ऐकणं, आणि शाळा. मी दर वर्षी तीन आठवडे यायचे, खजूर घेऊन. ती गेली तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचले. आणि तेराव्याला, गोडजेवणाच्या आधी, हॉलमध्ये माइक दिसला आणि मी उठले. मला वाटलं, कुणीतरी बोललं पाहिजे. मी आभारप्रदर्शन केलं, ताई. गुरुजींचे मानले, डॉक्टरांचे मानले, केटररचे मानले, खुर्च्या देणाऱ्या पतसंस्थेचे मानले. आणि शेवटी, कारण महत्त्वाचं नाव शेवटी घ्यायचं असतं हे मला कॉलेजच्या स्नेहसंमेलनांपासून ठाऊक, म्हणाले, "आणि शर्मिलाताईंनी जी सेवा केली, तिच्यातून आम्ही उतराई होणं शक्य नाही." शर्मिलाताईंनी. मी तुला अहोजाहो केलं. मग पिशवीतून शाल काढली, नारळ काढला, आणि चाळीस माणसांसमोर तुला पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेराव्याला.

शाल मी मुंबईहून येतानाच घेतली होती. म्हणजे विमानातून उतरल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार हा होता. हे मी आजवर शिरीषलाही सांगितलं नव्हतं.

तू शाल काढलीस, चार घड्या घातल्यास, खुर्चीवर ठेवलीस, नारळ वर ठेवलास, आणि वाढायला आत गेलीस. मला वाटलं तुला संकोच झाला. मी हे कौतुकानं दोघा-तिघांना सांगितलंही.

आपल्याकडे आभारप्रदर्शन कधी असतं? शेवटी. ते झालं की लोक चपला शोधायला लागतात. अफशाँ माझ्या घरी तासभर बसली, कारण तिला आभार मानता येत नव्हते, म्हणून निघता येत नव्हतं. मी ते मानले आणि निघाले. सोळाव्या दिवशी माझं विमान होतं.

आई तुझी होती तेवढीच माझी होती. मग तू जे केलंस ते माझ्यावर उपकार कसे? हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी तीन व्याख्या दिल्या असत्या. तू विचारलं नाहीस, तू वाढलंस.

आणखी एक. दोन पत्रांत मी "येते, येते" म्हणून तुझ्यामागे लागले. त्यातही शाल आहे, थोडी पातळ, पण तीच. तू माझं घेतलंस म्हणजे माझं फिटतं. नोरीनचा पहिला नियम मी तुला मोठ्या ऐटीत लिहून कळवला आणि स्वतः वाचला नाही: मागितल्याशिवाय देऊ नये.

तेव्हा आता मी येते म्हणणार नाही. तिकीट विचारणार नाही. बाई चांगली असो.

चारू


रियाध, २१ नोव्हेंबर २०२५

ताई,

इथे थंडी सुरू झाली. म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. नवीन मेट्रोनं परवा मी आणि अफशाँ उगाच शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन आलो. हिबा अख्खी वाट खिडकीला नाक लावून होती आणि एकदाही खोकली नाही. अफशाँनं ते मला सांगितलं नाही, मी तिला सांगितलं नाही. दोघींनी मोजलं होतं.

माझी कीर्ती पसरली आहे. नोरीनच्या वॉर्डातल्या एका आयरिश नर्सनं सर्दीसाठी पोळी मागितली. नोरीननं तिला हाकललं: माझा अधिकार डांग्या खोकल्यापुरता आहे, त्याबाहेर मी सामान्य स्त्री. शिरीष म्हणाला, "हे मी अठ्ठावीस वर्षं सांगतोय." त्याला त्या रात्री कालची पोळी वाढली.

बॅग माळ्यावरून काढलेली नाही. म्हणजे काढली आहे, पण धूळ झटकायला. झटकून झाली, आता जड आहे म्हणून खालीच ठेवली आहे. शिरीष येता-जाता तिला वळसा घालतो, परत वर ठेवत नाही. इंजिनीयर माणसाला एवढं कळतं, याचं मला नवल वाटतं.

माझ्या मागच्या पत्राचं पाकीट तू कापलंस का, हे मी जयदीपला विचारलेलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हलकं खा. हे नोरीननं सांगितलं आहे, नर्स म्हणून.

चारू


रियाध, ३० नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझा मेसेज काल दुपारी शिरीषच्या फोनवर आला. त्यानं तो मला उभ्यानं वाचून दाखवला, मग बसून वाचून दाखवला, मग मी फोन त्याच्या हातातून घेतला.

"चारूला सांग, बाई चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आंघोळ घालायला परकं माणूस नको वाटतं. सहा आठवडे जमेल का विचार. नसेल जमत तर तसं सांग, लांबण लावू नकोस."

जमेल.

लांबण लावू नकोस म्हणालीस म्हणून कामाचं लिहिते. हे पत्र कादिरचा भाऊ मुंबईला चालला आहे, त्याच्याबरोबर देते. पोस्टानं माझ्यानंतर पोचेल. इथून जाऊन परत यायचा परवाना, एक्झिट-रीएंट्री, शिरीषनं कालच काढला. मी बारा तारखेला पहाटे मुंबईत उतरते, दुपारपर्यंत वाईत. जयदीपला गाडी घेऊन पाठवू नकोस, मी येईन. ब्यूरोच्या बाईला काढू नकोस, दिवसा राहू दे. व्यायाम ती करून घेईल, कारण माझ्यासमोर तू करणार नाहीस. आंघोळ मी.

मला ते येत नाही, हे तुला माहीत आहे. आईला मी एकदा घालायला गेले होते तेव्हा तिच्या कानात पाणी घातलं आणि तू मला बाहेर काढलंस. या वेळी बाहेर काढू नकोस, आतूनच ओरड. पाणी किती गरम, आधी पाठ की आधी पाय, टॉवेल कुठला, सगळं तू सांग आणि मी करते. चुकलं की तिथल्या तिथे सांग. तुला ऐकवायची सवय आहे, ऐकायची सवय मी लावून घेते. चौपन्नाव्या वर्षी कठीण आहे, पण सहा आठवडे आहेत.

आपण भांडू. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, बहुतेक चहावरून. तू म्हणशील, "तुला बोलावलंच कशाला," आणि मला उत्तर सुचेल, आणि मी ते देईन, कारण ते फार चांगलं असेल. तेव्हा तुला उठून आत जाता येणार नाही, आणि मी जाणार नाही. नऊ वर्षं आई आणि तू त्या घरात काय काय बोललात हे मला ठाऊक नाही. ऐकायचं आहे. नाही सांगितलंस तर न सांगता बस, मी भाजी निवडत बसेन.

सामानात कपडे कमी आणि एक रबरी चटई आहे, बाथरूममध्ये घसरू नये म्हणून. नोरीननं निवडून दिली.

आणि एक मागते. बारा तारखेला मी आले की शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून आत पडून राहू नकोस. सावकाश ये, भिंतीला धरून ये, हवा तेवढा वेळ घे, मी जिन्यात उभी राहते. दार तू उघड.

चारू